जेल इलेक्ट्रोलाइट जानेवारीत चाललं, एप्रिलमध्ये वाळलं. काय बदलू?

गंगापूररोडचा | १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रकल्प आहे, विषय लवचिक सुपरकॅपॅसिटर, म्हणजे दोन कार्बन इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहणारं जेल (इलेक्ट्रोलाइट) ठेवून केलेली वीजसाठवण. डोक्यातली वस्तू अशी: द्राक्षवेलीवर लावायची एक पातळ पट्टी. तिच्यावर पान किती तास ओलं राहिलं ते मोजणारा सेन्सर, एक छोटा सोलर सेल आणि साठवणीला माझा सुपरकॅपॅसिटर. डाऊनीची (केवडा रोगाची) बुरशी पानावर पाणी असल्याशिवाय आत शिरत नाही. पान ओलं होतं ते बहुतेक रात्री-पहाटे, म्हणजे नेमकं ऊन नसताना. म्हणून साठवण हवी.

जेलची कृती सगळीकडे असते तीच. १० मिली पाण्यात १ ग्रॅम पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा पॉलिमर), ९० अंशांवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, थंड झालं की १ ग्रॅम फॉस्फोरिक आम्ल घालायचं. कार्बन कापडाच्या दोन तुकड्यांमध्ये हे ओतून जमू द्यायचं.

जानेवारीत अर्धा मिलिमीटर जाडीच्या, ४ चौरस सेंमी थराचा रोध २.५ ओहम आला. जाडीला रोध आणि क्षेत्रफळाच्या गुणाकाराने भागलं की वाहकता ५ मिलिसीमेन्स प्रति सेंमी. सर खूश, मी खूश. तोच सेल काल कपाटातून काढला तर ४० ओहम. जाडी तीच धरली तर वाहकता ०.३ वर आली, आणि थर आक्रसलाय हे डोळ्यांना दिसतंय, म्हणजे खरा आकडा त्याहून खाली.

आता लिथियम क्लोराइड घालू, ग्लिसरीन घालू, की पॉलिॲक्रिलामाइड या दुसऱ्या पॉलिमरकडे वळू? प्रत्येक शोधनिबंधात नवं जेल आणि प्रत्येकाची वाहकता मागच्यापेक्षा जास्त. डोकं गरगरतंय.

भद्रकालीचा भेळवाला | १२ एप्रिल, रात्री ९:५२

वाळलं तर कुरडई म्हणून तळा. सीझन आहे. (हलकं घ्या.)

अंबड लिंकरोड | १२ एप्रिल, रात्री १०:३०

मी सर्किटवाला, रसायनातलं कळत नाही. पण जेलच्या आधी ऊर्जेचा हिशोब केलात का?

तुमचा कॅपॅसिटर अर्धा फॅरड धरू, पाण्यातलं जेल म्हणून ०.८ व्होल्ट. अर्धा गुणिले सी गुणिले व्ही वर्ग, म्हणजे ०.१६ ज्यूल. ब्लूटूथवरून एकदा आकडा पाठवायला साधारण १० मिलिॲम्पिअर, ३ व्होल्ट, ५ मिलिसेकंद. हे झाले ०.१५ मिलिज्यूल. दर पंधरा मिनिटांनी पाठवलं तर बारा तासांत ४८ वेळा, मिळून जेमतेम ७ मिलिज्यूल. वाटलं ना, झालं काम?

नाही झालं. चिप झोपलेली असते तेव्हाही काही मायक्रोॲम्पिअर पितेच. २ धरले तरी ३ व्होल्टला बारा तासांत ०.२६ ज्यूल. म्हणजे बोलण्यापेक्षा झोपण्याचा खर्च पस्तीस-छत्तीस पट, आणि तो एकटाच तुमची अख्खी टाकी रिकामी करतो. चार सेल ओळीत जोडलेत तर ३.२ व्होल्ट आणि ०.६४ ज्यूल होतात. ते चालेल, पण चारातला एक जरी वाळला तरी चौघं बसतात.

वरून सुपरकॅपॅसिटर स्वतःच गळतो. संध्याकाळी ०.८ पर्यंत भरून, काहीही न जोडता, सकाळी किती उरलं ते मोजलंय का?

गंगापूररोडचा | १२ एप्रिल, रात्री १०:४८

नाही मोजलं. उद्या लावतो. झोपेचा खर्च तर मनातच आला नव्हता.

काडीवाला निफाड | १३ एप्रिल, सकाळी ६:१५

भाऊ, कल्पना चांगली हाय, पण पानाला पट्टी लावू नका. पान वाढतं, हलतं, विरळणीत आम्ही काढूनबी टाकतो. आत्ता खरड छाटणी (उन्हाळ्यातली) चालू हाय, बागेत पान म्हणून शिल्लक नाही. काडीला नाहीतर तारेला बांधा, सेन्सर तेवढा पानांच्या गर्दीत सोडा.

दुसरं म्हणजे फवारणी. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची ती) पाऊस लागला तर दिवसाआड ब्लोअर फिरतो. बोर्डो मारलं की सगळी बाग निळी-पांढरी. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद अन् एक किलो चुना हे एक टक्क्याचं प्रमाण. कवळ्या पानावर कमी घेतो. त्या ब्लोअरच्या माऱ्यात तुमचं जेल टिकतं का ते आधी बघा, मग मोबाईलवर आकडे दाखवा.

निवृत्त मास्तर | १३ एप्रिल, दुपारी १:०५

जेवण झालं आहे, पंखा चालू आहे, तेव्हा जरा लांबण लावतो. चाळीस वर्षं रसायन शिकवलंय, सवय सुटत नाही.

जेल इलेक्ट्रोलाइट ही काही आजची चैन नव्हे. लेक्लांशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये सेल केला तो ओला, काचेच्या बरणीतला. १८८० च्या दशकात जर्मनीत कार्ल गासनरने त्यातला द्राव प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुरवला आणि आडवा-उभा कसाही धरता येईल असा कोरडा सेल दिला. पुढे टॉर्चच्या सेलमध्ये नवसागर आणि झिंक क्लोराइडच्या पाण्यात चक्क पिठाची, स्टार्चची खळ वापरू लागले. आजच्या अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या जेलमध्ये तरंगती ठेवतात, आणि ते जेल करणारा पॉलिमर हात धुवायच्या सॅनिटायझरला घट्टपणा आणणाऱ्या कार्बोमरच्याच जातीचा असतो. म्हणजे जेल आपल्या घरातल्या घड्याळात, रिमोटमध्ये वर्षानुवर्षं आहे आणि वाळत नाही. का वाळत नाही? कारण भोवती धातूचं डबडं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, परत येतो.

आता तुमच्या जेलमध्ये वीज कोण नेतं? प्रोटॉन. तो स्वतः फार लांब चालत नाही. ग्रोटहुस या रसायनशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये मांडलेली कल्पना आजही बऱ्याच अंशी उभी आहे. स्लॅब पडतो त्या दिवशी घमेली कशी जातात? माणूस जागचा हलत नाही, घमेलं हातोहात वर जातं. तसा प्रोटॉन पाण्याच्या एका रेणूवरून दुसऱ्यावर सरकतो. पाणी उडालं म्हणजे रांगेतली माणसं गळाली. आम्ल तेवढंच आहे, पॉलिमर तेवढाच आहे, पण घमेलं पुढे द्यायला हात नाहीत. तुमचे २.५ चे ४० ओहम तिथून आले.

तेव्हा पहिला प्रश्न वाहकता किती हा नाहीच. पाणी किती काळ धरतं, हा आहे. दर वर्षी निबंधांत वाहकतेचे उच्चांक होतात, पण ते ताज्या जेलचे असतात. पाचशे वेळा वाकवून दाखवतात, पण बऱ्याचदा एका दुपारीच. एप्रिलमधल्या नाशिकच्या दुपारी आठवडाभर उघडं ठेवून मग आकडा सांगा म्हणावं.

पाणी धरायचे मार्ग. एक, पाणी ओढणारं मीठ. लिथियम क्लोराइडचा खडा ११ टक्के आर्द्रतेलासुद्धा हवेतून पाणी घेऊन विरघळतो, म्हणून ते जेल आपल्याकडच्या कोणत्याही उन्हाळ्यात ओलं राहील. पण जुलैत तेच जेल पाणी पिऊन फुगेल आणि चिकट होईल, शिवाय महाग. दोन, ग्लिसरीन. ते पाण्याला बिलगतं, उडू देत नाही, पण स्वतः दाट असल्याने आयनांची चाल मंदावते. थोडी वाहकता देऊन पुष्कळ आयुष्य घ्यायचं, असा हा सौदा आहे आणि तुमच्या कामाला तो परवडतो. मायक्रोॲम्पिअरच्या धंद्यात ५ काय आणि २ काय. तीन, पॉलिमरचं जाळं. पीव्हीए घेताना बाटलीवर हायड्रॉलिसिसचा टक्का (साखळीवरचे किती ॲसिटेट गट काढून टाकलेत तो) पाहा. ८७–८९ टक्क्यांचं लवकर विरघळतं म्हणून मुलं तेच उचलतात. ९८–९९ वालं ९० अंशांशिवाय विरघळत नाही, पण थंड झाल्यावर त्याच्या साखळ्या एकमेकींत बारीक स्फटिक धरतात. रात्रभर डीप फ्रीजरमध्ये गोठवून सकाळी बाहेर काढलं, असं तीन-चारदा केलं, की त्या स्फटिकांच्या गाठींनी चांगलं चिवट जेल होतं. वेगळं रसायन लागत नाही. फक्त हे आम्ल घालण्याआधी करा आणि नंतर आम्लात भिजवा.

काय करू नये तेही सांगतो. पीव्हीएत बोरॅक्स घातला की लगेच लोळागोळा होतो, मुलांचं स्लाइम तेच. पण बोरेटच्या गाठी आम्लात सुटतात, म्हणून फॉस्फोरिकबरोबर त्याचा उपयोग शून्य. सोडियम अल्जिनेट कॅल्शियमने छान जमतं, तेही तीव्र आम्लात दही फाटावं तसं फाटतं. सोडियम सल्फेट घालाल तर पीव्हीए पांढरा चोथा होऊन बाहेर पडेल, कारण सल्फेट पाणी स्वतःकडे ओढून पॉलिमरला उघडं पाडतं.

आणि पॉलिॲक्रिलामाइड. २०१२ मध्ये हार्वर्डच्या झिगांग सुओ यांच्या गटाने अल्जिनेट आणि पॉलिॲक्रिलामाइडचं दुहेरी जाळं करून नव्वद टक्के पाणी असलेलं जेल वीस पटींहून अधिक ताणून दाखवलं. अप्रतिम काम. पण काडीला गुंडाळायला वीस पट ताण कशाला हवा? वाकणं आणि ताणणं यांत गल्लत होते. १ मिलिमीटर जाडीची पट्टी ५ मिलिमीटर त्रिज्येच्या काडीवर वाकवली तर बाहेरच्या अंगाला ताण १० टक्के. पट्टी निम्मी पातळ करा, ताण निम्मा. शिवाय ॲक्रिलामाइडचा मोनोमर मज्जासंस्थेला घातक आहे. चांगला हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) नसेल तर हातच लावू नका.

आता परत डबड्याकडे. द्राक्षाचा बेदाणा करताना पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड का बुडवतात? मण्यावरचं मेण मोडायला. मेण शाबूत असेल तर मणी आठवडे टिकतो, मोडलं की भराभर सुकतो. आतला रस तोच, फरक सालीचा. तुमच्या सेलची साल कसली आहे?

गंगापूररोडचा | १३ एप्रिल, दुपारी १:३०

सर, सेलोटेपची. 🙈

भद्रकालीचा भेळवाला | १३ एप्रिल, दुपारी १:३३

मास्तरांनी १८०६ पासून सुरुवात केली आणि निघाला सेलोटेप.

अंबड लिंकरोड | १३ एप्रिल, दुपारी २:१०

मास्तर, _/\_. यात भर: पारदर्शक सिलिकॉन रबरात सेल बुडवून ‘वॉटरप्रूफ’ म्हणणारे बरेच आहेत. सिलिकॉन पाण्याचा थेंब अडवतं, वाफ मात्र आरामात सोडतं. लवचिक हवं आणि वाफही अडवायची तर ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाऊच लॅमिनेट, मोबाईलच्या पोळीबॅटरीला असतं ते. आत प्लास्टिकचा थर असतो, म्हणून आम्ल धातूला लागत नाही. किराणा दुकानातल्या हीट सीलरने कडा बंद होतात.

बाहेर काढायच्या टोकांना तांब्याची पट्टी लावू नका. आम्ल तिथून खात सुटेल.

कॉलेजरोडची रसायनी | १३ एप्रिल, रात्री ८:२०

मी याच विषयावर पीएचडी करतेय, म्हणून थोडी दुरुस्ती.

रोध कशाने मोजलास? मल्टिमीटरने मोजला असशील तर ते ४० ओहम विसर. डीसी लावलं की आयन इलेक्ट्रोडपाशी जाऊन साचतात आणि आकडा सरकत राहतो. इम्पिडन्स (एसी लावून वेगवेगळ्या वारंवारितांना मोजलेला रोध) घे, उच्च वारंवारितेला आलेख आडव्या अक्षाला जिथे छेदतो तो रोध धर. जेल दोन स्टीलच्या चकत्यांत ठेवताना मध्ये ठरावीक जाडीची कडी घाल, नाहीतर स्क्रू आवळला की जाडी बदलते आणि आपण वाहकता ‘वाढली’ म्हणून पेढे वाटतो. आमच्या लॅबमध्ये वाटले गेलेत.

दुसरं, जेल आणि कार्बन कापड यांच्यातला सांधा. कार्बन कापड मुळात पाणी झिडकारतं. वर ओतलेलं जेल धाग्यांच्या माथ्यावर बसतं, आत उतरतच नाही. मग पृष्ठभाग हजारो चौरस सेंमी असून उपयोग काय? कापड आधी भट्टीत हवेत थोडं भाजून घे, मग कोमट, पातळ पीव्हीए-आम्लाच्या द्रावात मुरव, दोन्ही तुकडे ओले असतानाच चिकटव आणि सगळं एकत्र जमू दे. जेल बदलून जेवढं मिळेल त्यापेक्षा जास्त यातून मिळतं, असं माझं मत. मास्तर रागावणार नाहीत अशी आशा.

निवृत्त मास्तर | १३ एप्रिल, रात्री ८:४५

रागावतोय कशाला, बरोबर आहे. सांध्याचं मी विसरलो.

सिडकोची आई | १४ एप्रिल, सकाळी १०:१२

मला यातलं अर्धंच कळलं, पण मुलगा आठवीत आहे आणि विज्ञान प्रदर्शनाला असं काही करायचं म्हणतोय. घरी करता येईल का?

कॉलेजरोडची रसायनी | १४ एप्रिल, सकाळी ११:००

ताई, आम्ल आणि अल्कली घरी नको. चायना ग्रास चालेल. अगर उकळत्या पाण्यात विरघळवायचं, त्यात मीठ घालायचं, कोमट झालं की ताटलीत ओतायचं. दोन पेन्सिलींच्या शिशांमध्ये हे जेल ठेवून क्षणभर दीड व्होल्टचा सेल लावा, काढा आणि मल्टिमीटरने पाहा: थोडा वेळ व्होल्टेज राहतं. यापेक्षा मोठा सेल लावू नका, मिठाच्या पाण्यातून क्लोरिन सुटतो. दुसऱ्या दिवशी ताटलीत पाणी सुटलेलं दिसेल, दह्याला सुटतं तसं. जाळं आक्रसून पाणी बाहेर ढकलतं. तेच मोजून मांडा म्हणावं, परीक्षक खूश होतील.

काडीवाला निफाड | १४ एप्रिल, रात्री ९:०५

एक शंका. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा लई खाली येतो, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागत्यात. जेल गोठलं तर?

निवृत्त मास्तर | १४ एप्रिल, रात्री ९:३०

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, पण तिथेही गोष्ट शून्याच्या आसपासची. आम्ल किंवा मीठ विरघळलेलं पाणी त्याखाली गोठतं. निबंधांत उणे ४० ला चालणारी जेलं दाखवतात, त्यांचा मोह नको. ग्लिसरीन घालणारच आहात, तेच पुरेल.

पंचवटीकर | १५ एप्रिल, सकाळी ७:५०

सुपरकॅपॅसिटर गळतो म्हणता, मग जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडची लवचिक बॅटरी का नको? जेलमध्ये झिंक सल्फेट, आम्ल नाही, आग नाही, आणि रात्रभर व्होल्टेज टिकतं.

कॉलेजरोडची रसायनी | १५ एप्रिल, सकाळी ९:१५

चांगला पर्याय आहे, पण त्याचीही दुखणी आहेत. पुन्हा पुन्हा भरताना जस्त सपाट बसत नाही, काटेरी वाढत जातं आणि एक दिवस पलीकडच्या टोकाला टेकतं. चिवट जेल त्याला अडवतं, पूर्ण थांबवत नाही. मँगनीज हळूहळू विरघळतं, म्हणून इलेक्ट्रोलाइटमध्येच थोडं मँगनीज सल्फेट घालून ठेवतात. आणि झिंक सल्फेट दाट केलं की मास्तरांनी सांगितलेली पांढऱ्या चोथ्याची गोष्ट पीव्हीएशी होऊ शकते. तिथे पॉलिॲक्रिलामाइड जास्त वापरतात, ते त्यामुळेही.

बोर्डोचा मुद्दाही इथेच येतो. पाऊच गळलं आणि विरघळलेलं तांबं आत गेलं तर ते जस्तावर जाऊन बसेल, शाळेतला मोरचूद आणि जस्ताचा प्रयोग. चुना पुरेसा असेल तर बोर्डोतलं बहुतेक तांबं न विरघळणाऱ्या रूपात असतं, म्हणून धोका कमी, पण पावसात थोडं सुटतंच.

अंबड लिंकरोड | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

आणि खरं सांगू? तारेवर बांधायचं ठरलं तर लवचिक हवंच कशाला? बाजारातली नाण्याएवढी बॅटरी डबीत घाला, वर्षभर बघायला नको.

गंगापूररोडचा | १५ एप्रिल, दुपारी १२:२०

दादा, प्रश्न बरोबर आहे आणि सरांनीही विचारला होता. तारेवर डबी चालेल. पण काडीच्या वाढीबरोबर पट्टी वर सरकवायची असेल, आणि एकरात पन्नास ठिकाणी लावायची असेल, तर डबी आणि बॅटरी दोन्ही गोळा करत फिरावं लागतं. बाकी डिग्रीही मिळवायची आहे. 😅

रात्रीच्या गळतीचा आकडा: संध्याकाळी ०.८, सकाळी ०.३७. वाईट.

मास्तर, ओलं-कोरडं हवामान लॅबमध्ये कसं आणू? आमच्याकडे आर्द्रता-पेटी नाही.

निवृत्त मास्तर | १५ एप्रिल, दुपारी १:१५

लोणच्याच्या दोन बरण्या घ्या. एकीत तळाशी साध्या मिठाचा संपृक्त द्राव, खाली न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. आतली हवा ७५ टक्के आर्द्रतेला स्थिर होते. दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइडचा तसाच द्राव, तिथे ३३ टक्के. झाला तुमचा जुलै आणि झाला तुमचा एप्रिल. जेल वर जाळीवर ठेवा, रोज वजन करा, त्याच वेळी इम्पिडन्स घ्या. वजन आणि रोध एकाच कागदावर मांडलेत की सगळं दिसेल.

सातपूरचा वाचक | १६ एप्रिल, रात्री ११:४०

वाखुसा (वाचनखूण साठवली). पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

गंगापूररोडचा | ९ जून, रात्री १०:०५

धागा वर काढतो, उशिराबद्दल क्षमस्व. मध्ये तोंडी परीक्षा झाली.

९८ टक्क्यांचं पीव्हीए, तीनदा गोठवून वितळवून, मग आम्लात भिजवून. अर्ध्या तुकड्यांत ग्लिसरीन, अर्धे साधे. ‘एप्रिल’च्या बरणीत साध्या जेलचं वजन पहिल्या चार दिवसांतच उतरून स्थिरावलं आणि रोध त्याच्या मागोमाग चढला. ग्लिसरीनवालं पहिल्या दिवशी मागे होतं, पाचव्या दिवशी पुढे. ‘जुलै’त दोन्ही ठीक, ग्लिसरीनवालं जरा मऊ पडलं.

मग पाऊचमध्ये भरलेले सेल ‘एप्रिल’च्या बरणीत ठेवले. वाटलं होतं, आता वजन हलणार नाही. हललं. थोडंच, पण रोज. पाऊचच्या कडा दोनदा सील केल्या, तरी तेच. आठ दिवस डोकं खाजवलं. शेवटी रसायनीताईंनी फोटो पाहून सांगितलं: जोडणीसाठी कार्बन कापडाचीच शेपटी बाहेर काढली होती ना, ती समईच्या वातीसारखी आतलं पाणी बाहेर ओढत होती. सीलच्या प्लास्टिकखालून, धाग्यांमधल्या फटींतून. बाहेरच्या टोकाला लिटमस लावला तर लाल!

आता शेपटी ग्रॅफाइटच्या पातळ पत्र्याची केलीय आणि सीलच्या जागी आधी गरम गोंद दाबून घेतो. अकरा दिवस झाले, वजनकाट्याला फरक दिसत नाही. गळतीही थोडी सुधारली, सकाळी ०.४५ उरतात. झोपेचा खर्च मात्र तसाच आहे, त्यासाठी अंबडच्या दादांकडे येऊन बसणार आहे.

निफाडच्या काकांना विनंती, गोडी छाटणीनंतर चार पट्ट्या तुमच्या बागेत लावू का?

काडीवाला निफाड | १० जून, सकाळी ५:५५

लावा की. आधी फोन करा, बोर्डोच्या दिवशीच या म्हणजे एकदाच काय ते कळंल. जुने कपडे घालून या.